खोली भाड्याने दिली तर 'पगार' बंद होतो का?

परवा संध्याकाळी आमच्या गल्लीतल्या काकू घरी आल्या. चहा झाला, पाऊसपाणी झालं, कुणाची सून माहेरी गेलीय ते झालं. निघताना दारात चप्पल शोधता शोधता त्यांनी खरा विषय काढला. "अरे, तुला कागदपत्रातलं कळतं म्हणून विचारते. मागच्या खोलीत ती नर्सिंगची पोरगी ठेवलीय ना मी, तिचं भाडं उत्पन्नात धरतात का?"

काकू विधवा आहेत. एकुलती मुलगी, ती दिलेली. संजय गांधी निराधार योजनेचे महिन्याला १,५०० रुपये त्यांना मिळतात. सरकार त्याला अनुदान म्हणतं, आमच्याकडे सगळे 'पगार' म्हणतात. गेल्या जूनपासून मागची खोली त्यांनी नर्सिंग कॉलेजच्या एका मुलीला १,८०० रुपयांनी दिली आहे. पिठाच्या गिरणीवर कुणीतरी त्यांना ऐकवलं, "पोरगी ठेवलीस होय? आता पगार बंद होणार बघ." तेव्हापासून काकूंची झोप उडालेली.

मी मनातल्या मनात हिशोब केला आणि माझीच झोप उडाली. १,८०० गुणिले १२ म्हणजे २१,६००. योजनेची कौटुंबिक उत्पन्नाची मर्यादा वर्षाला २१,०००. म्हणजे काकूंची बाकी कमाई शून्य धरली तरी त्या ६०० रुपयांनी मर्यादेबाहेर. आणि मर्यादा ओलांडली की जाणार किती? १,५०० गुणिले १२, म्हणजे १८,०००. भाडं १,७५० असतं तर बरोबर २१,००० भरले असते आणि एक रुपया गेला नसता. महिन्याला पन्नास रुपये जास्त घेतले म्हणून वर्षाला अठरा हजार गमवायचे.

"बघून सांगतो काकू," एवढंच म्हणालो. पण त्या गेल्यावर बराच वेळ मला ओट्सच्या लापशीची एक वाटी आठवत राहिली. ती इथली नाही, इंग्लंडातली आहे. त्या वाटीमागे जवळजवळ शंभर वर्षांचा इतिहास आहे आणि तो आपल्या कामाचा आहे, म्हणून आज जरा लांबलचक लिहितोय. वेळ असेल तर वाचा.

२०१३ च्या सप्टेंबरात मी शिकायला इंग्लंडात गेलो. उत्तरेला लँकेशायर म्हणून परगणा आहे, एके काळी जगाचं कापड विणणारा. तिथल्या प्रेस्टन शहरात सत्त्याहत्तर वर्षांच्या एका बाईंच्या घरी मी खोली घेतली. एकाला एक भिंत लागून असलेली विटांची बैठी रांग, वर दोन खोल्या, खाली दोन. आपण ज्याला पेइंग गेस्ट म्हणतो त्याला तिकडे लॉजर म्हणतात. आठवड्याला ७० पौंड ठरले.

पहिल्या दिवशी मी सांगितलं, मला सकाळी काही लागत नाही, कॉलेजात खाईन. बाई म्हणाल्या, नाही, खावं लागेल. मला वाटलं आजीची माया. रोज सकाळी साडेसातला टेबलावर ओट्सची लापशी. मीठ घातलेली. (साखर मागितली तर अशा बघायच्या की मीच ओशाळायचो.) तीन आठवड्यांनी त्यांनी मला एक वही दाखवली. तारीख, लापशी, सही. खाल्ल्याची सही मला करायची होती! आणि मग त्यांनी जे समजावलं त्यानं मी चाट पडलो.

बाईंना सरकारी पेन्शन होतं, पण ते कमी पडायचं, म्हणून वर 'पेन्शन क्रेडिट' मिळायचं. हे २००३ पासून सुरू झालेलं, ऐपत बघून दिलं जाणारं साहाय्य. तुमचं उत्पन्न ठरलेल्या रकमेपेक्षा जेवढं कमी, तेवढी भर सरकार घालतं. मग लॉजरचं भाडं आलं की भर तेवढी कमी होणार, हे ओघानंच आलं. पण कायदा म्हणतो की खोली नुसती भाड्यानं दिली असेल तर आठवड्याचे पहिले २० पौंड धरायचे नाहीत, उरलेले सगळे धरायचे. म्हणजे ७० पैकी ५० उत्पन्न, आणि क्रेडिटमधून ५० कापले. बाईंच्या हातात आठवड्याला निव्वळ २० पौंड. मात्र लॉजरला घरात शिजवलेलं खायला घालत असाल, तर पहिले २० पौंड सोडायचे आणि उरलेल्यातलेही निम्मेच धरायचे. ५० चे निम्मे २५. कापणार फक्त २५, हातात राहणार ४५.

म्हणजे ती मिठाची लापशी आठवड्याला २५ पौंडांची होती. मी आयुष्यात इतकं महाग काही खाल्लं नसेल!

सही कुणी मागितली होती का, असं मी विचारलं. नाही म्हणाल्या. पण कुणी विचारायला आलंच तर वही असावी. "ते येतात," असं त्या म्हणाल्या. हे 'ते' कोण, ते पुढे हळूहळू कळलं. त्या बाईंचा जन्म १९३६ चा. त्यांच्या घरात 'मीन्स टेस्टवाला माणूस' हा शब्द आपल्याकडच्या सावकाराच्या कारकुनासारखा उच्चारला जायचा. त्यांच्या आजोबांना त्या माणसामुळे स्वतःच्या मुलीचं घर सोडून दुसऱ्याच्या घरी लॉजर म्हणून राहावं लागलं होतं.

ही गोष्ट १९३१ पासून सुरू होते.

त्या साली जगभर मंदी होती. लँकेशायरच्या गिरण्या तर त्याआधीच खंगल्या होत्या. त्यांचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक होतो आपण. मुंबई-अहमदाबादच्या गिरण्या उभ्या राहिल्या, जपानी कापड आलं, वर विदेशी कापडावरचा बहिष्कार आला, आणि तिकडचे माग थांबले. गोलमेज परिषदेसाठी गेलेले गांधीजी १९३१ च्या सप्टेंबरअखेरीस मुद्दाम त्या भागात गेले, डार्वेन गावाजवळ राहिले आणि बेकार विणकरांना भेटले. त्या कामगार बायकांनी गांधीजींना घेरून टाळ्या वाजवतानाचा फोटो तुम्ही पाहिला असेल. तुमचं दुःख खरं आहे, पण आमच्याकडची उपासमार त्याहून कितीतरी मोठी आहे, अशा अर्थाचं गांधीजी त्यांना बोलले. ते खरंच होतं. मुंबईच्या गिरणी कामगाराला बेकारी भत्ता ही चीजच ठाऊक नव्हती. त्याचा आधार गाव, आणि खानावळवाल्या बाईकडची उधारी.

पण टाळ्या वाजवणाऱ्या त्या विणकरांवर पुढच्या दोनच महिन्यांत काय येणार होतं, ते त्यांना पूर्ण माहीत नव्हतं.

त्याच ऑगस्टमध्ये लंडनमध्ये मजूर पक्षाचं सरकार कोसळलं होतं. कारण, बेकारी भत्ता कापायचा की नाही. पंतप्रधान रॅम्से मॅकडोनाल्ड यांनी विरोधकांना बरोबर घेऊन 'राष्ट्रीय सरकार' बनवलं आणि भत्ता दहा टक्क्यांनी कापला. पुरुषाला आठवड्याला १७ शिलिंग होते ते १५ शिलिंग ३ पेन्स झाले. (तेव्हा २० शिलिंगांचा पौंड आणि १२ पेन्सांचा शिलिंग.) नवरा, बायको, दोन मुलं असं घर असेल तर ३० शिलिंगांचे २७ शिलिंग ३ पेन्स. ही कापाकापी लोकांनी कदाचित सोसलीही असती. खरी जखम दुसरी होती.

विम्याचा भत्ता २६ आठवडेच मिळायचा. त्यानंतरही काम नसेल तर नोव्हेंबर १९३१ पासून आधी घराची तपासणी होणार होती. एकट्या बेकार माणसाची ऐपत बघून भागणार नव्हतं, अख्ख्या घराची ऐपत मोजली जाणार होती. मुलगा बेकरीत काम करतो? त्याची मजुरी मोजा. मुलगी दुकानात आहे? तिचा पगार मोजा. म्हाताऱ्या बापाला आठवड्याला १० शिलिंग पेन्शन आहे? तेही मोजा. बचत किती, घरात विकण्यासारखं सामान काय, ते बघा. हे काम गावोगावच्या 'पब्लिक असिस्टन्स कमिट्यां'कडे दिलं, म्हणजे कालपर्यंत भिकाऱ्या-अनाथांचा 'पुअर लॉ' सांभाळणाऱ्या यंत्रणेकडे. आयुष्यभर विम्याचे हप्ते भरलेला विणकर एका दिवसात भिकाऱ्यांच्या रांगेत उभा राहिला. त्या माणसांना याचं दुःख पैशापेक्षा जास्त झालं, हे त्या काळच्या सगळ्या आठवणींत येतं.

आता इथे लॉजर कुठून आला?

असा आला. घरातली माणसं 'कुटुंब' म्हणून मोजली जात होती. परका माणूस भाडं देऊन राहत असेल तर त्याची पूर्ण मजुरी कशी मोजणार? तो काही तुमचा मुलगा नाही. म्हणजे कमावता मुलगा बापाच्या घरी राहिला तर त्याच्या मजुरीमुळे बापाचा भत्ता बुडणार, आणि तोच मुलगा चार घरं पलीकडे जाऊन लॉजर झाला तर बापाचा भत्ता वाचणार. मग लोकांनी काय केलं असेल? तेच केलं. कमावती पोरं घरातून बाहेर पडली. काही खरोखर गेली, काही कागदावर गेली आणि रात्री मागच्या दारानं जेवायला आली. काही पोरं भांडून गेली, कारण एकोणीस वर्षांच्या पोराच्या मजुरीवर बापानं जगायचं, हे दोघांनाही लाजिरवाणं वाटायचं.

आणि म्हातारे. जॉर्ज ऑरवेल १९३६ साली लँकेशायरच्या विगन गावी जाऊन राहिला. एका गलिच्छ खानावळीवजा लॉजिंगमध्ये, खाली प्राण्यांच्या आतड्यांचं दुकान. त्यावर त्यानं 'द रोड टू विगन पिअर' लिहिलं, १९३७ साली. त्यात त्यानं स्पष्ट नोंदवलंय की मीन्स टेस्टचा सगळ्यात क्रूर परिणाम म्हणजे घरं फुटतात. विधुर म्हातारा एरवी मुला-मुलीकडे राहिला असता आणि त्याचे दहा शिलिंग घरखर्चाला लागले असते. आता तो घरात राहिला तर लॉजर म्हणून त्याची गणती होऊन मुलांचा भत्ता कापला जाणार. म्हणून सत्तरीला आलेल्या माणसानं घर सोडायचं, कुठल्यातरी लॉजिंगमध्ये आपलं पेन्शन द्यायचं आणि तिथे अर्धपोटी दिवस काढायचे. ऑरवेल राहिला त्या घरात असे म्हातारे होतेच.

माझ्या घरमालकीण बाईंचे आजोबा त्यातलेच. ते दोन गल्ल्या सोडून राहायला गेले. रविवारी मुलीकडे यायचे, पण जेवायला थांबायचे नाहीत. शेजाऱ्यानं जाऊन सांगितलं तर? बाईंनी हे स्वतः पाहिलं नव्हतं, आईकडून ऐकलं होतं. पण सांगताना त्यांचा आवाज असा व्हायचा की जणू काल घडलंय.

लोक गप्प बसले नाहीत. सप्टेंबर १९३२ मध्ये लिव्हरपूलसमोरच्या बर्कनहेड गावात दंगे झाले. त्याच ऑक्टोबरात देशभरातून 'भूक मोर्चे' लंडनला धडकले. काही कमिट्यांनी तर तपासणीच ढिली केली. जे सदस्य होते ते त्याच गावचे, त्यांना शेजाऱ्याच्या ताटातलं मोजायची लाज वाटली. तेव्हा सरकारनं रॉदरहॅम आणि डरहॅम परगण्यातल्या कमिट्या बाजूला सारून आपले कमिशनर बसवले. पुढे हे काम गावाकडून काढूनच घेतलं आणि १९३४ च्या कायद्यानं एक केंद्रीय बोर्ड नेमलं. बोर्डाचे नवे दर १९३५ च्या जानेवारीत लागू झाले. अनेक ठिकाणी ते जुन्यापेक्षाही कमी निघाले आणि दक्षिण वेल्समध्ये गावंच्या गावं रस्त्यावर आली. मर्थर टिडफिलमध्ये बायकांनी बोर्डाच्या कचेरीत घुसून कागद फाडले. दुसऱ्याच दिवशी मंत्र्यांना जाहीर करावं लागलं की कुणाचीही रक्कम कमी होणार नाही, जुना आणि नवा यातला जो दर जास्त असेल तो द्या.

पण घर मोजायची पद्धत तशीच राहिली. ती गेली १९४१ साली, युद्धाच्या ऐन धामधुमीत. कामगारमंत्री होते अर्नेस्ट बेव्हिन, स्वतः कामगार संघटनेतून वर आलेले. गरजा ठरवण्याच्या त्या नव्या कायद्यानं घरातल्या कमावत्या माणसाची अख्खी मजुरी मोजणं बंद केलं. त्याऐवजी, घरात कमावतं माणूस आहे ना, मग तो घरभाड्याला एवढे एवढे देतो असं गृहीत धरून ठरावीक रक्कम वजा करायची. पुढे १९४८ च्या नॅशनल असिस्टन्स कायद्यानं जुना 'पुअर लॉ' अधिकृतपणे संपवला. पण बेव्हिनची ती ठरावीक वजावट अजून जिवंत आहे. आजही इंग्लंडात घरभाड्याला सरकारी मदत घेणाऱ्या आईच्या घरी पंचवीस वर्षांचा कमावता मुलगा राहत असेल, तर तिच्या मदतीतून त्याच्या नावानं एक रक्कम कापतात, तो घरात पैसे देवो न देवो.

आणि परका लॉजर असेल तर हिशोब वेगळा. पोटच्या पोरानं 'मी आईचा लॉजर आहे' असं म्हणून चालत नाही, व्यवहार खरा असावा लागतो. म्हणजे १९३१ चा प्रश्न ऐंशी वर्षांनी तिथेच होता, फक्त त्याला पोटनियमांचे कपडे चढले होते.

मी गेलो तेव्हा या प्रश्नानं नवं तोंड काढलं होतं. २०१३ च्या एप्रिलपासून तिथे 'बेडरूम टॅक्स' आला होता. नाव लोकांनी दिलेलं, तो कर नव्हता. सरकारी किंवा संस्थेच्या घरात राहणाऱ्या, काम करण्याच्या वयातल्या भाडेकरूकडे एक खोली 'जास्त' असेल तर भाड्यासाठीच्या मदतीतून १४ टक्के कापायचे, दोन किंवा जास्त असतील तर २५ टक्के. लोक ओरडले तेव्हा मंत्र्यांकडून सल्ला आला की खोली रिकामी आहे ना, मग लॉजर ठेवा!

पुढच्या गल्लीत पन्नाशीचं एक जोडपं होतं, नवऱ्याचं काम सुटलेलं. त्यांनी हा सल्ला मनावर घेतला आणि माझ्या बाईंकडे वही घेऊन हिशोब विचारायला आले. त्यांचं घरभाडं आठवड्याला ८० पौंड होतं, म्हणजे १४ टक्क्यांनी कापले ११ पौंड २० पेन्स. ६० पौंडांनी लॉजर ठेवला तर? त्या वेळच्या जुन्या पद्धतीत ती खोली 'जास्त' राहत नाही, कापलेले ११ पौंड २० पेन्स परत. पण ६० मधले २० सोडून ४० उत्पन्नात धरणार, बेकारी भत्ता तेवढ्यानं कमी. निव्वळ फायदा ३१ पौंड २० पेन्स. आणि तेव्हाच काही ठिकाणी सुरू झालेली नवी पद्धत, 'युनिव्हर्सल क्रेडिट', तिचं गणित बरोबर उलटं. तिथे लॉजरचं भाडं उत्पन्नात धरतच नाहीत, सगळे ६० तुमचे. पण खोली मात्र 'जास्त'च धरतात, ११ पौंड २० पेन्सची कात्री चालू. ती आधीही होतीच, म्हणून फायदा ६० पौंड. माणूस तोच, घर तेच, खोली तीच, लॉजर तोच. कुठल्या फॉर्मवर अर्ज केलाय त्यावर उत्तर ठरणार.

जोडप्यानं शेवटी कुणी ठेवलं नाही. बायको म्हणाली, संडास एकच आहे.

एक गोष्ट मात्र मला त्या वेळेपासून खुपते. ज्याला मदतीची गरज नाही, जो नीट कमावतो, त्यानं आपल्या घरातली खोली लॉजरला दिली तर त्याच्यासाठी १९९२ पासून आयकराची सवलत आहे. मी होतो तेव्हा वर्षाला ४,२५० पौंडांपर्यंतचं भाडं करमुक्त होतं. २०१६ पासून ती मर्यादा ७,५०० झाली, म्हणजे आठवड्याला जवळजवळ १४४ पौंड. आणि पेन्शन क्रेडिटवर जगणाऱ्या म्हातारीला सूट २० पौंडांची, वर्षाला १,०४०. गंमत बघा, माझ्या बाईंच्या ७० पौंडांवर आयकरवाला एक पेनी मागत नव्हता, कारण वर्षाचे ३,६४० त्याच्या मर्यादेच्या आत होते. गरिबीचा विभाग मात्र दारात उभा. श्रीमंताच्या भाड्याकडे राज्य डोळेझाक करतं आणि गरिबाच्या भाड्यासाठी चष्मा पुसतं, असं मी तेव्हा डायरीत लिहून ठेवलं होतं.

आता परत काकूंकडे येतो.

भाडं उत्पन्नात धरूच नये, असं माझं म्हणणं नाही. दहा खोल्यांची चाळ भाड्यानं देऊन निराधारचे पैसे उचलणारी माणसं तुम्हालाही माहीत आहेत, मलाही. सरकारनं बघायलाच हवं. पण बघायचं कसं? इंग्लंडनं इतके घोळ घातले, घरं फोडली, तरी एक गोष्ट त्यांनी अगदी सुरुवातीला ओळखली होती. त्यांचं पहिलं वृद्धापकाळ पेन्शन १९०८ च्या कायद्यानं आलं, १ जानेवारी १९०९ पासून मिळू लागलं. वय सत्तर, आठवड्याला ५ शिलिंग. त्यालाही उत्पन्नाची मर्यादा होती. किती? वर्षाला २१ पौंड! आकडा वाचून मी दचकलोच. पण २१ पौंडांच्या वर एक पौंड गेला म्हणून सगळं पेन्शन जात नव्हतं. २१ च्या वर गेलं की ४ शिलिंग, आणखी वर ३, मग २, मग १, आणि साडेएकतीस पौंडांच्या पुढे शून्य. कंजूष होतं, स्वतःच्या घरात राहण्याचा फायदाही पैशात मोजून ते उत्पन्नात धरत. पण पायऱ्या होत्या. म्हातारं माणूस एक एक पायरी उतरायचं, माडीवरून ढकललं जात नव्हतं.

आपली योजना १९८० ची, अंतुले मुख्यमंत्री असतानाची. चांगली योजना, हे मी मनापासून म्हणतो. तिनं कित्येक बायकांना सुनेपुढे हात पसरण्यापासून वाचवलंय. २०२३ साली रक्कम हजाराची पंधराशे झाली. २१,००० मात्र जागच्या जागी. २१,००० भागिले ३६५ म्हणजे दिवसाला साडेसत्तावन्न रुपये, तेही अख्ख्या कुटुंबाचे. एवढ्यात आज कुठलं घर चालतं? म्हणून मग दाखल्यावर तोच आकडा येतो जो यायला हवा. तलाठ्यालाही माहीत, अर्जदारालाही माहीत, आपल्यालाही माहीत. सगळ्यांनी मिळून केलेलं ते एक खोटं आहे, आणि त्याचा भार फक्त काकूंसारख्यांच्या झोपेवर पडतो, कारण पिठाच्या गिरणीवर कुणीही उठून त्यांना 'सांगू का कचेरीत?' म्हणू शकतं. १९३२ च्या प्रेस्टनमध्येही हेच होतं. शेजारी सांगेल म्हणून आजोबा मुलीकडे जेवत नव्हते.

पहिले काही रुपये सोडून द्या, उरलेल्यातले निम्मे धरा, मर्यादेच्या वर गेलं तर रक्कम थोडी थोडी उतरवा. यातलं काहीही करायला नवा शोध लागत नाही. आमदारसाहेबांच्या कार्यालयात मी हे लेखी देणार आहे. ज्यांना सही करायची असेल त्यांनी रविवारी सकाळी वाचनालयात या, अर्जाची प्रत तिथे ठेवतो.

काल काकूंकडे जाऊन आलो. नियम आहे तसा सांगितला, लपवलं नाही. म्हटलं, "काकू, सध्या १,७०० घ्या. वर्षाचे २०,४०० होतात, तुम्ही मर्यादेच्या आत राहता."

त्यांनी तोंड वाकडं केलं. "अरे, लाइटबिल बघितलंस का या महिन्याचं? मी दिवाळीपासून एकोणीसशे करणार होते."

मग मी त्यांना प्रेस्टनच्या लापशीची गोष्ट सांगितली, खायला घातलं तर तिकडे निम्मेच पैसे धरतात म्हणून. त्या खूप हसल्या. नर्सिंगची पोरगी तेव्हा स्वयंपाकघरात जमिनीवर बसून भाकरी आणि वांग्याचं भरीत खात होती. काकू म्हणाल्या, "हिचे जेवणाचे पैसे मी घेतच नाही. ते कुठल्या रकान्यात लिहायचं, ते विचार की तुझ्या तहसीलदाराला."